वेचणीच्या दिवसांतली चूल

काकू, सप्रेम नमस्कार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. साडेपाच एकर कोरडवाहू वावर आहे. कापूस, सोयाबीन आणि मधात (मध्ये) तुरीची तासं, म्हणजे ओळी. घरात सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा सहावीत, मुलगी पहिलीत. सध्या वेचणी सुरू आहे. पाचला उठते आणि आठला वावरात निघते. तेवढ्या वेळात सडा, पाणी भरणं, चहा, पंधरा-सोळा भाकरी-पोळ्या, भाजी, वरण, भात, आमचे डबे. नाश्ता काही जमत नाही. दुपारी पोरं शाळेतली खिचडी खातात, पण सकाळी दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट फोडून जातात. संध्याकाळी सहाला घरी आल्यावर उभं राहवत नाही, मग रोज चून (पिठलं) नाहीतर खिचडी. नवरा बोलत काही नाही, ताटाकडे पाहून गप्प होतो. सासूबाई म्हणतात, "आमच्या टायमाले ग्यास नोता, कुकर नोता, तरी बारा मानसाइचा सयपाक होये." मोबाइलवर झटपट पदार्थ पाहते तर त्यात पनीर, चीज, ओट्स. फ्रिज आहे, पण विजेचा भरवसा नाही. गुरुवारी बाजार असतो म्हणून त्या दिवशी वेचणी बंद असते, तेवढाच वेळ मिळतो. माझं म्हणाल तर मी उरलंसुरलं खाते. घरच्याच वस्तूंतून होईल असं काही साधं सांगा.

ता. क. हल्ली माझी भाकरी थापताना चिरते. काय चुकतं?

— एक वाचक

पोरी,

तुझ्या पत्रातली "उरलंसुरलं खाते" ही ओळ मी बाजूला काढून ठेवली आहे. तिच्याकडे येणारच आहे. आधी सासूबाईंच्या बोलण्याकडे येते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांनीच देऊन ठेवलं आहे.

त्या खोटं सांगत नाहीत. बारा माणसांचा स्वयंपाक व्हायचा. पण तो कसा व्हायचा, ते त्यांना एकदा निवांत विचार. चैत्र-वैशाखात वावरात काम नसायचं. तेव्हा घरच्या आणि शेजारच्या मिळून सहा-सात बायका अंगणात बसायच्या. सरगुंडे, कुरड्या, मुगाच्या वड्या, सांडगे, ज्वारीचे पापड, मिठात घातलेल्या मिरच्या, वर्षभराचं तिखट, हळद. हे सगळं उन्हात वाळून डब्यांत, मडक्यांत भरलं जायचं. मग आषाढात निंदणाला जायचं असलं की सकाळी मूठभर वड्या फोडणीला टाकल्या, भाकरी थापल्या, निघाल्या. त्या सकाळच्या भाजीचं अर्धं काम तीन महिने आधी झालेलं असायचं, आणि तेही सहा-सात जणींनी मिळून केलेलं. तू पाच ते आठ या तीन तासांत एकटी सगळंच करायला जातेस. तिथे तुझी दमछाक होते. यात तुझा आळस नाही, तुझ्या हातालाही काही कमी नाही. तुझ्या मागे ते भरलेले डबे नाहीत आणि त्या बायकाही नाहीत.

म्हणून मी तुला झटपट पदार्थांची यादी देणार नाही. सकाळचं कोणतं काम सकाळी करायचंच नाही, ते सांगते.

निवडणं, सोलणं, भाजणं, कुटणं, भिजवणं ही सकाळची कामं नाहीत. भाकरी थापणं, फोडणी घालणं, डबा भरणं एवढंच सकाळचं. बाकीचं गुरुवारी किंवा आदल्या संध्याकाळी.

आणि उद्यापासून वरण-भात सकाळी बंद कर. पाच माणसांचं वरण-भात म्हणजे पाऊण तास जातो, आणि तो भात डब्यात पाच-सहा तास उन्हात राहतो. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात विषारी जंतू वाढतात. त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत, आणि त्यांनी भातात सोडलेलं विष नंतर गरम करूनही पुरतं जात नाही. भाकरी कोरडी असते, ती संध्याकाळपर्यंत टिकते. म्हणून दुपारच्या डब्यात भाकरी, कोरडी भाजी, चटणी, कांदा. घरी सासूबाईंसाठीही तेच, फक्त मऊसर. गरम आणि पातळ ते सगळं संध्याकाळी. एवढ्या एका बदलानं तुझ्या सकाळचे चाळीस-पन्नास मिनिटं सुटतील आणि त्यातली पंधरा मिनिटं पोरांच्या नाश्त्याला पुरतील.

नाश्त्याला मी तुला उकडपेंडी सांगते. तू म्हणशील, ती तर मलाही येते. येतच असणार, आपल्याकडे कोणाला येत नाही! पण आपण रोज सकाळी कढईत पीठ भाजत उभ्या राहतो, तिथे वेळ जातो. पीठ गुरुवारीच भाजून ठेव. गव्हाचं थोडं जाडसर दळलेलं पीठ एक किलो घे, अर्धी ज्वारी चालेल. लोखंडी कढईत तेल न घालता मंद आचेवर भाज. सराटा (उलथणं) हातातून सोडू नको, तळ लगेच लागतो. पंधरा-वीस मिनिटांत रंग बदामी होतो आणि वास दारापर्यंत जातो. मग ते परातीत पसरून पूर्ण थंड होऊ दे. कोमट असताना डबा लावलास तर झाकणाला पाणी सुटतं आणि पीठ कुबटतं. थंड झालेलं पीठ कोरड्या डब्यात पंधरा दिवस छान राहतं.

सकाळी तीन चमचे तेल तापव. मोहरी, जिरं, मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद. त्यावर दोन वाट्या भाजलेलं पीठ आणि मीठ. दोन मिनिटं परतून एका वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी या मापानं गरम पाणी घाल. घरात ताक असेल तर निम्मं पाणी आणि निम्मं ताक. एकदम ओतू नको, शिंपडत घाल आणि सराट्यानं मोकळं करत राहा. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ येऊ दे. वरून सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू. कांदा रात्रीच चिरलेला असला तर पूर्ण दहा मिनिटांचं काम. सासूबाईंना दातांचा त्रास असेल तर त्याच पिठात पाणी जास्त घालून, मीठ-जिरं टाकून पातळ पेज कर, चमच्यानं खाता येईल. मुलीला गोड आवडत असेल तर तेच पीठ चमचाभर तुपावर गरम कर आणि गुळाचं कोमट पाणी घाल, शिरा होतो. एका डब्यातून तीन माणसांच्या तीन तऱ्हा निघतात.

पाकिटाबद्दल एकच सांगते. पोरांच्या हातातून ते हिसकावू नको, त्याच्या आधी पोट भरून दे. सकाळी वाटीभर उकडपेंडी पोटात गेली की दुकानाकडे पाय कमी वळतात. आणि खिशात काहीतरी लागतंच, तर फुटाणे, फल्लीदाणे आणि गुळाचा खडा दे. मुलगी पहिलीत आहे, तिला फुटाणे-दाणे बसूनच खायला सांग, पळता-खेळताना नको. पाच वर्षांपेक्षा लहान लेकरू घरात आलं-गेलं तर त्याच्या हाती अख्खे दाणे अजिबात देऊ नये, घशात अडकतात. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत तुझ्याच वावरात तुरीच्या शेंगा भरतील. मीठ घालून गंजभर (पातेलंभर) उकडल्या की दोन्ही पोरं आणि त्यांचे सोबती अंगणातच बसून संपवतील. त्याहून चांगला खाऊ कोणत्या दुकानात मिळतो?

आता डब्यातली चटणी. ही मी तोंडी लावणं म्हणून सांगत नाहीये. भाजी कमी पडली त्या दिवशी चटणीच जेवण तारून नेते, म्हणून ती पोटभरीचीच करायची. जवसाची चटणी आपल्या वऱ्हाडात पूर्वी घरोघरी असायची, आता जवस पेरणंही कमी झालं, पण बाजारात मिळतो. वाटीभर जवस कोरड्या कढईत मंद आचेवर भाज. तडतडायला लागतो, तो आवाज थांबत आला की उतरव. आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या तव्यावर वेगवेगळ्या भाज. लसूण चांगला कोरडा व्हायला हवा, ओला लसूण पडला की चटणी चार दिवसांत वास मारते. मग मीठ घालून जाडसर कुट. खाताना वर कच्चं तेल. जवसाच्या तेलात शरीराला लागणारी एक चांगली चरबी असते, ती आपल्या रोजच्या तेलांत फारशी नसते. पण हेच तेल हवेनं लवकर खवट होतं, म्हणून महिन्याची चटणी एकदम कुटू नको. भाजलेला अख्खा जवस डब्यात ठेव आणि आठवड्यापुरता कुट. तिळाची, फल्लीची, कराळ्याचीही अशीच होते. फल्लीदाण्यांत काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा दाणा दिसला तर फेक. भाजल्यानं त्याचं विष जात नाही. अख्खी मूठ खराब दिसली तर अख्खी मूठ फेकायची, जीव तुटला तरी.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, ते सोयाबीन. तुझं सोयाबीन नुकतंच निघालं असेल. पोत्यात भरून बाजार समितीत गेलंही असेल. आपण विदर्भातली माणसं सोयाबीन पिकवतो आणि आपल्याच पोरांच्या ताटात त्याचा दाणा पडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम. मटण-अंडं रोज परवडत नाही, दूध डेअरीत जातं, डाळ महाग. अशा घरात ज्या पोत्यावर आपण बसून हिशेब करतो त्याच पोत्यात पोरांची वाढ भरलेली असते. पुढच्या वर्षीपासून विकायच्या आधी दहा किलो घरासाठी बाजूला काढ. या वर्षीचं संपलं असेल तर शेजारून पाच किलो घे.

पण कच्चं सोयाबीन गव्हात टाकून दळून आणायचं नाही. कच्च्या दाण्यात असे घटक असतात जे प्रथिनं पचू देत नाहीत, पोट फुगतं, पोरांना ढाळ लागते. आणि मग घरात ठरतं की सोयाबीन आपल्याला मानवत नाही. ते घटक उष्णतेनं जातात. म्हणून असं कर. एक किलो दाणे निवड, धू. मोठ्या गंजात भरपूर पाणी खळखळ उकळू दे, त्यात दाणे टाक आणि पुन्हा उकळी फुटल्यापासून वीस-पंचवीस मिनिटं उकळ. ते पाणी फेकून दे. दाणे कापडावर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात खडखडीत वाळव, दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. मग नऊ किलो गव्हात हा एक किलो टाकून दळण दे. पोळीचा रंग किंचित बदलतो, चव बदलत नाही, कोणाच्या लक्षातही येणार नाही. ज्वारीत मात्र इतकं घालू नको, भाकरीला आधीच चिकटपणा कमी, ती आणखी तुटेल. हे दळणही पंधरा दिवसांपुरतंच, सोयाबीनमध्ये तेल असतं आणि पीठ कडवटतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. पेरणीचं उरलेलं बियाणं कधीही खाण्यात आणू नको. त्याला औषध चोळलेलं असतं, म्हणूनच ते गुलाबी, लाल किंवा निळं दिसतं. ते धुऊन, उकळून, वाळवून, कशानंही खाण्यासारखं होत नाही. कोंबड्यांना, ढोरांनाही घालायचं नाही. घरात ते वेगळ्या जागी, पोरांच्या हाताबाहेर असू दे. उकळायचं सोयाबीन म्हणजे या हंगामात निघालेलं, बिनऔषधाचं.

औषधाचा विषय निघालाच आहे तर जेवणाच्या डब्याचंही सांगून टाकते. २०१७ साली तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुमच्याकडे कोणी विसरलं नसेल. फवारणी चालू असेल त्या वावरात डबा आणि पाण्याची कॅन धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, झाकून टांगायची. जेवायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. साबणाचा तुकडा जुन्या मोज्यात बांधून कॅनलाच लटकव, म्हणजे विसरत नाही. औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी घरात तेला-पाण्याला आणायचा नाही.

संध्याकाळचं आता. सहाला दमून आल्यावर दोन चुलींवर चार भांडी मांडायची नाहीत. एकाच भांड्यात होईल ते कर, पण रोज खिचडी नको. तुझा नवरा ताटाकडे पाहून गप्प होतो ना, त्याला गोळाभात करून वाढ. हरभऱ्याच्या डाळीचं जाडसर, रवाळ बेसन वाटीभर. त्यात तिखट, हळद, मीठ, ओवा, सांबार आणि दोन चमचे गरम तेल चोळायचं, पाण्याचे थेंब शिंपडून लिंबाएवढे गोळे वळायचे. पाणी जास्त झालं की गोळे दगडासारखे होतात, मुठीत दाबून जेमतेम धरतील इतकंच. दोन वाट्या तांदूळ गंजात शिजत टाकायचे. वरचं पाणी आटत आलं की गोळे अलगद वर मांडायचे, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं. भाताच्या वाफेवर गोळे शिजतात. वाढताना गोळा भातात कुस्करून वर लसूण-मिरचीची कडकडीत फोडणी, सोबत लिंबू. भाजी नाही, वरण नाही, आणि कोणाला त्याची आठवणही येत नाही.

दुसरी डाळभाजी. पाऊण वाटी तुरीची डाळ, पाव वाटी हरभऱ्याची, मूठभर फल्लीदाणे, चिरलेला पालक किंवा मेथी, सगळं कुकरात, चार शिट्ट्या. घोटून वर लसूण, सुकी मिरची, हिंगाची फोडणी. भाकरी सकाळचीच असली तरी चालते. डाळ आणि दाणे अर्धा तास भिजलेले असले की शिट्ट्या कमी लागतात, म्हणून हात-पाय धुवायच्या आधी डाळ भिजत टाक, मग चहा. त्याहून चांगलं म्हणजे पाच वाजता सासूबाईंनी भिजत टाकावी, त्याबद्दल पुढे बोलते. पालेभाजी अंबाडीची किंवा चुक्याची असेल तर ती डाळीबरोबर लावू नको. आंबट पडलं की डाळ शिजायला हट्ट धरते. आधी डाळ मऊ होऊ दे, मग पाला, चिंच, टमाटर काय ते. अंबाडी वेगळी उकडून पिळून घेतली की आंबटपणाही आवाक्यात राहतो.

पाण्याचंही डाळीशी नातं आहे. माझं माहेर अकोल्याकडे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायचीच नाही, दोन तास चुलीवर राहून दाणा तसाच. आई पिण्याच्या गोड्या पाण्यातून तांब्याभर फक्त डाळीसाठी वेगळं काढून ठेवायची, आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी होती. तुमच्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर बसत असेल तर तेच समज. डाळीला पिण्याचं पाणी वापर, गॅसही वाचेल. गॅस वाचवायचा आणखी एक मार्ग कापसाच्या मुलखात शोभतो. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की उतरवून जुन्या गोधडीत गच्च गुंडाळून टोपल्यात ठेव. आतल्या उष्णतेवर डाळ पुढे अर्धा तास शिजत राहते आणि तेवढ्यात तुझ्या पोळ्या होतात. फक्त ते त्याच जेवणाला खायचं, तसंच गुंडाळून रात्रभर ठेवायचं नाही.

वड्या-सांडगे या वर्षी झाले नसतील, तर बाजारात बचत गटाच्या बायका विकतात त्यांच्याकडून दोन किलो मुगवड्या घे. वाटीभर वड्या तेलावर लाल परतून कांदा-लसणाच्या वाटणात उकळल्या की वीस मिनिटांत रस्सा. आणि येत्या चैत्रात शेजारच्या दोघी-तिघींना धरून आठ दिवस बस. एकटीनं नको. वाळवण हे मिळून करायचंच काम आहे, एकटीनं ते नुसतं ओझं होतं.

लहानसहान गोष्टी. लसूण गुरुवारी पाकळ्या मोकळ्या करून, तेलाचा हात लावून उन्हात ठेव, सालं चोळूनच निघतात. सोललेला लसूण कोरड्या उघड्या वाटीत ठेव आणि तीन-चार दिवसांत संपव, तेलात बुडवून साठवू नको. हिरव्या मिरच्यांची देठं काढून, पुसून, कागदात गुंडाळून ठेव, आठवडाभर सडत नाहीत. सांबाराची जुडी मुळांसकट पाण्याच्या पेल्यात उभी ठेव. भाजी ओल्या पोत्याखाली, माठाच्या बाजूला ठेवलीस तर विजेची वाट पाहायची गरज नाही. आपली हवा कोरडी असल्यामुळे पोतं सुकताना आतली भाजी गार राहते.

हे सगळं वाचून तुझ्या मनात आलं असेल, गुरुवार तर मिळाला, पण तोही कामातच गेला. बरोबर आहे. म्हणूनच गुरुवारचं काम तुझ्या एकटीचं असता कामा नये. सासूबाई बसून लसूण सोलू शकतात, डाळ निवडू शकतात, पाच वाजता डाळ-तांदूळ भिजवू शकतात. मदत करा असं म्हणू नको. "आई, तुमच्या हातच्या वड्यांची रीत मला शिकवा" असं म्हण, आणि ते मनापासून म्हण, कारण ती रीत खरंच त्यांच्याजवळच आहे. मुलगा सहावीत आहे. फल्ली फोडणं, पाण्याच्या कॅन भरणं, जेवल्यावर आपलं ताट घासणं त्याला येतं, आणि मुलगा म्हणून त्याला यातून सूट नको. नवरा दिवसभर वावरात असतो हे खरं, पण तूही तिथेच असतेस. तो घरी आल्यावर बसतो, तू घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू करतेस. भांडण काढू नको, एक ठरावीक काम दे. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे कांदे-मिरच्या चिरून ठेवणं हे त्याचं. रोजचं तेच काम असलं की दोन आठवड्यांत सवय होते. "जरा हात लावा ना" असं रोज म्हणावं लागलं तर ते कधीच होत नाही.

आता ती बाजूला ठेवलेली ओळ.

तू सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत राबतेस आणि उरलंसुरलं खातेस. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे निघालं. संध्याकाळी "उभं राहवत नाही" असं तू लिहिलंस, तेव्हा मला नुसता दिवसभराचा थकवा दिसला नाही. गावातल्या आशाताईला सांग, उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. काळी शौचास होते म्हणून घाबरून बंद करू नको, गोळ्यांमुळे तसं होतं. पालेभाजी, डाळी, तीळ हे सगळं तुझ्याही ताटात हवं, आणि त्यावर लिंबू पिळलेलं हवं, लिंबानं जेवणातलं लोह अंगाला जास्त लागतं. जेवणाला लागून चहा नको, चहा ते लोह अडवतो. तासाभरानं घे. गुळात थोडं लोह असतं, पण गुळावर रक्त भरून येत नाही.

आणि डबे भरताना आधी तुझा भर. जवळजवळ नवऱ्याच्या डब्याएवढाच मोठा. चार भाकऱ्या त्याला तर तीन तुला, भाजी दोघांना सारखी. कापसाची बोंडं त्याच्याइतकीच तूही वेचतेस. संध्याकाळी सगळे एकदम बसा, गंज मधात ठेवून. मग कोणाला किती उरलं ते सगळ्यांना दिसतं.

आता तुझा ता. क. भाकरी चिरते ती बहुतेक पिठाची विरी (चिकटपणा) गेल्यामुळे. ज्वारीत गव्हासारखा चिकट अंश नसतो, ताजं पीठच काय ते धरून ठेवतं. महिनाभराचं दळण आणत असशील तर ते बंद कर, आठ-दहा दिवसांचंच आण. असलेलं पीठ संपवायचं असेल तर भाकरीपुरतं पाणी मीठ घालून उकळ, गॅस बंद करून त्यात पीठ टाक, झाकून पाच मिनिटं ठेव, मग तळव्यानं रगडून मळ. एका वेळी दोन-तीन भाकरींपुरतंच मळायचं, मळून ठेवलेला गोळा पुन्हा चिरतो. थापताना कडा फाटली तर ओलं बोट फिरव. आणि तरीही चिरली, तर ती भाकरी नेहमीसारखी गुपचूप आपल्या ताटात सरकवू नको. नवऱ्याला वाढ. चव तीच असते, तोही खाईल.

तुझी,
काकू